औषध पोटात, उपाय परसात

मूल झोपेत करकर दात खाऊ लागलं, गालांवर पांढुरके डाग दिसले, भरल्या ताटावरून उठून ते गुळाच्या डब्याभोवती घुटमळू लागलं, की मराठी घरात निदान तिथल्या तिथे होतं: पोटात जंत झालेत. उपायही ठरलेले असतात. वावडिंग घालून उकळलेलं दूध, अनशापोटी कारल्याचा रस, कडुनिंबाच्या कोवळ्या पाल्याची गोळी, लसणाची पाकळी, पपईच्या वाळवलेल्या बियांची पूड मधातून, डाळिंबाच्या सालीचा काढा, आणि सगळ्यांवर कडी म्हणून एरंडेल. या उपायांबद्दल बोलताना लोक दोन टोकांना जातात. एका टोकाला हे सगळं अडाणीपणाचं वाटतं, तर दुसऱ्या टोकाला आजीबाईच्या बटव्यावर शंका घेणं हेच पाप ठरतं. माझ्या मते दोन्ही टोकांना मूळ प्रश्न निसटतो. या वनस्पतींत गुण आहे, काहींत तर चांगलाच जहाल आहे. पण जंत एका पोटातून दुसऱ्या पोटात जातो ती वाट पोटाबाहेरची आहे: परसातली माती, अनवाणी पाय, वाढलेली नखं, कच्ची भाजी. पोटात शिरलेल्या जंतासाठी आज नीट पारखलेली, स्वस्त गोळी आहे. या बाहेरच्या वाटेसाठी मात्र कोणतीही गोळी नाही, तिथे घरगुती उपायांवाचून गत्यंतर नाही. आपण घराचं सगळं शहाणपण पोटावर खर्च करतो आणि जिथे त्याची खरी गरज आहे ती जागा मोकळी सोडतो, हे या लेखाचं म्हणणं आहे.

कडू दिलं की जंत मरतात आणि गोड खाल्लं की होतात, हा हिशोब आपल्याकडे कुठून आला ते पाहण्यासारखं आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या सातव्या अध्यायात कृमींचे वीस प्रकार सांगितले आहेत आणि उपचार तीन पायऱ्यांचा आहे. पहिली पायरी अपकर्षण, म्हणजे कृमी बाहेर काढणं. दुसरी प्रकृतिविघात, म्हणजे ज्या स्थितीत ते वाढतात ती स्थितीच मोडणं. त्यासाठी तिखट, कडू, तुरट, उष्ण द्रव्यं. तिसरी पायरी कारणं टाळण्याची. एरंडेल हे पहिल्या पायरीचं घरगुती रूप, कारलं-कडुनिंब-वावडिंग हे दुसऱ्या पायरीचं, आणि 'गूळ खाऊ नको' हे तिसऱ्या पायरीचं. ही मांडणी आजही निर्दोष आहे: काढा, वाढू देऊ नका, पुन्हा होऊ देऊ नका. बदलायला हवा तो फक्त तिसऱ्या पायरीचा मजकूर. जंताचं अंडं नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे सूक्ष्मदर्शकाआधीच्या काळात कारण आहारात शोधलं गेलं, आणि त्या काळाच्या मानाने ते समजण्यासारखं आहे. साखरेने किंवा गुळाने जंत होत नाहीत. तोंडावाटे अंडं गेलं किंवा कातडीवाटे अळी शिरली तरच होतात. वैद्य इथे म्हणतील की आयुर्वेदातली कृमी ही कल्पना आजच्या जंतांपेक्षा मोठी आहे आणि शास्त्रोक्त कृमिचिकित्सा म्हणजे चमचाभर रस नव्हे. दोन्ही गोष्टी मान्य. पण घराघरांत जे चालतं ते शास्त्रोक्त चिकित्सा नसून चमचाभर रसच आहे, आणि प्रश्न त्या चमच्याचा आहे.

त्या चमच्यातल्या वनस्पतींचा इतिहास आदराने सांगावा असा आहे. वावडिंगात एम्बेलिन असतं, पळसपापडीत, म्हणजे पळसाच्या बियांत, पॅलासोनिन, कपिल्याच्या तांबड्या पुडीत रॉटलेरिन, डाळिंबाच्या मुळाच्या आणि खोडाच्या सालीत पेलेटिएरिन. हे सगळे पदार्थ कृमींवर परिणाम करतात, आणि त्यांतल्या अनेकांना पाश्चात्त्य औषधसंहितांतही एकेकाळी मानाचं पान होतं. किरमाणी ओव्याच्या जातीच्या वनस्पतींतून १८३० साली सॅन्टोनिन वेगळं काढण्यात आलं आणि पुढची शंभरेक वर्षं मोठ्या जंतांवरचं ते जगातलं मुख्य औषध होतं. चाकवताच्या कुळातल्या एका अमेरिकी रोपाचं तेल, चेनोपोडियम, विसाव्या शतकाच्या आरंभी अंकुशकृमींविरुद्धच्या मोहिमांत सर्रास वापरलं जाई. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये रामनाथ चोप्रा आणि एसा चँडलर यांनी १९२८ साली कृमिनाशकांवर अख्खा ग्रंथ लिहिला. म्हणजे 'वनस्पतींकडे आधुनिक वैद्यकाने कधी पाहिलंच नाही' ही तक्रार टिकत नाही. पाहिलं, वापरलं, आणि मग सोडून दिलं. सोडण्याचं कारण महत्त्वाचं आहे. सॅन्टोनिनची मात्रा थोडी वाढली की रुग्णाला सगळं जग पिवळं दिसू लागे, आणखी वाढली की झटके येत. चेनोपोडियमच्या तेलाने माणसं दगावली, त्यांत लहान मुलंही होती. पळसपापडीतल्या पॅलासोनिनची रेणूरचना फोड आणणाऱ्या किड्यांतल्या कँथारिडिन या विषाच्या अगदी जवळची आहे. जंत हा आपल्यासारखाच प्राणी आहे. त्याला मारणारं द्रव्य आपल्यालाही बाधण्याची शक्यता मोठी. जंत मरेल आणि मूल सुखरूप राहील अशा दोन मात्रांमधलं अंतर या वनस्पतींत फार थोडं होतं, आणि नवी औषधं आली ती हे अंतर कित्येक पटींनी वाढवून आली.

घरात तर मात्राच ठाऊक नसते. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेलं वावडिंग खरंच एम्बेलिया रायबीस असेल याची खात्री नाही; त्याच्या नावाखाली दुसऱ्या जातीची एम्बेलिया आणि इतर काही झुडपांची दिसायला तशीच फळं विकली जातात, आणि अस्सल वावडिंगाची वेल सह्याद्रीत आधीच विरळ झाली आहे. बाळगुटीत उगाळल्या जाणाऱ्या वेखंडातल्या बीटा-असारोनमुळे उंदरांमध्ये गाठी झाल्याचं आढळलं आणि अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. कारल्यानंतर लहान मुलांची रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत, आणि आपल्याकडे तो रस मुलाला नेमका उपाशीपोटी पाजतात. दुधात चार दाणे वावडिंग उकळल्याने कुणाचं नुकसान होत नाही हे खरं. पण ज्या मात्रेत नुकसान होत नाही त्या मात्रेत जंताचंही काही बिघडत नाही.

याला सर्वांत भक्कम आक्षेप पपईच्या बियांचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. नायजेरियात साठ मुलांवर केलेला एक प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. तीस मुलांना वाळवलेल्या पपईच्या बिया मधातून दिल्या, तीस मुलांना नुसता मध. सात दिवसांनी शौचाची तपासणी केली तेव्हा बिया घेतलेल्यांपैकी २३ मुलं परोपजीवींपासून मुक्त झालेली दिसली, मध घेतलेल्यांपैकी फक्त ५. हा फरक मोठा आहे आणि मी तो खरा मानतो. पण साठ मुलं, एक मात्रा आणि सात दिवस एवढ्यावर औषध ठरत नाही. सात दिवसांत अंडी दिसेनाशी होणं म्हणजे मादी मेली असंच नाही. तिचं अंडी घालणं काही काळ थांबलेलंही असू शकतं. मोठ्या संख्येवर, वेगवेगळ्या जंतांवर आणि आजच्या गोळीशी थेट तुलना करून हा प्रयोग पुन्हा व्हायला हवा, कुठलंही पीएच.डी.चं काम त्याहून उपयोगी ठरणार नाही. तोवर पपईच्या बिया ही आशा आहे. तिच्या भरवशावर गोळी नाकारायची, तर पडताळलेली गोष्ट सोडून न पडताळलेली निवडल्यासारखं होतं.

पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा कसा असेल, हा दुसरा आक्षेप. अनुभव खोटा नसतो, पण जंतांच्या बाबतीत तो फार सहज फसतो. मोठा गोल जंत, ज्याला आपण नुसतं 'जंत' म्हणतो, आतड्यात एक ते दोन वर्षं जगतो आणि मग आपोआप मरून बाहेर पडतो. सुतासारखे बारीक पांढरे कृमी तर काही आठवडेच जगतात. आज रस दिला आणि परवा शौचातून जंत पडला, की श्रेय रसाला जातं. तो रसाविनाही पडला असता याची तुलना घरात कोण करणार? शिवाय एक जंत पडला म्हणजे पोट रिकामं झालं असा समज होतो. जंतांचा भार सगळ्यांत सारखा वाटलेला नसतो. एखाद्या वस्तीतल्या थोड्याच मुलांच्या पोटात बहुतेक जंत असतात, आणि गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. एरंडेलाने दोन जंत पाडले आणि चार राहिले, तर घराला समाधान मिळतं पण मातीत पडणारा अंड्यांचा साठा फारसा घटत नाही. आणखी एक गोष्ट: गिळलेलं अंडं आतड्यात फुटल्यावर अळी तिथेच राहत नाही. रक्तातून यकृत, तिथून फुप्फुस, मग घशात येऊन पुन्हा गिळली जाते आणि दोन-तीन महिन्यांनी पूर्ण वाढलेला जंत होते. जपानी डॉक्टर कोइनो यांनी १९२२ साली स्वतः दोन हजार अंडी गिळून हा प्रवास सिद्ध केला; त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या. अळी फुप्फुसात असताना आतड्यात ओतलेला काढा तिला गाठत नाही.

लक्षणांचीही तीच गत. गालांवरचे पांढुरके डाग हा बहुधा कोरड्या त्वचेचा सौम्य विकार असतो. उन्हाने आजूबाजूची कातडी रापली की तो जास्त दिसतो. झोपेत दात खाण्याचा जंतांशी ठाम संबंध सिद्ध झालेला नाही. या दोन खुणांवरून ज्यांना जंत नाहीत अशा कित्येक मुलांनी कडू रस प्यायले असतील. आणि ज्याने सर्वांत जास्त नुकसान होतं तो अंकुशकृमी या यादीत येतच नाही, कारण तो शौचात दिसत नाही. जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा हा कृमी आतड्याच्या अस्तराला चावून बसतो आणि रक्त पितो. त्याची मोठी जात रोज ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवते. शंभरेक कृमी असले तर महिन्याकाठी अर्धा लिटर. मूल सुस्त होतं, अभ्यासात मागे पडतं, बाळंतीण पांढरीफटक पडते, आणि घरात कुणी जंतांचं नावही काढत नाही. हा कृमी तोंडावाटे न येता मुख्यतः पायाच्या कातडीतून शिरतो, हे कैरोमध्ये संशोधक आर्थर लूस यांच्या लक्षात आलं ते अळ्यांचं पाणी चुकून त्यांच्याच हातावर सांडल्यामुळे. उघड्यावर जिथे परसाकडे बसतात तिथली ओलसर, सावलीतली माती या अळ्यांना मानवते. कोकणातल्या वाड्यांत आणि आगरांत अशा मातीचा तुटवडा नाही.

पट्टकृमीच्या बाबतीत घरगुती उपाय नुसता निरुपयोगी न राहता घातक ठरू शकतो. 'कोबीतला किडा डोक्यात जातो' ही आपल्याकडची सार्वत्रिक भीती आहे. तिच्यात सत्याचा एक तुकडा आहे, पण तो भलत्याच किड्याला चिकटला आहे. कोबीच्या पानात दिसणारी हिरवी अळी निरुपद्रवी असते. डोक्यात जाते ती डुकराच्या पट्टकृमीची अळी, आणि तिचं अंडं येतं त्या कृमीचा वाहक असलेल्या माणसाच्या विष्ठेतून: न धुतलेल्या हातांवाटे, मैलापाण्यावर वाढलेल्या भाजीवाटे. म्हणून जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसालाही मेंदूत गाठ होऊन फिट येऊ शकते, आणि भारतात फिट येण्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक आहे. अशा रुग्णाला भोपळ्याच्या बिया किंवा डाळिंबाचा काढा देत बसणं म्हणजे वेळ घालवणं. आणि मेंदूत गाठी असताना स्वतःच्या मनाने जंताची गोळी घेणंही धोक्याचं, कारण गाठी मरताना सूज येते आणि फिट वाढतात. ज्याला फिट आली आहे किंवा ज्याच्या शौचातून पट्टीचे चपटे तुकडे पडत आहेत, त्याने डॉक्टर गाठावा. इथे घराचं काम एवढंच.

आता गोळीकडे. अल्बेंडाझोल जंताच्या पेशींतल्या ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटतं, जंताला साखर शोषता येत नाही आणि तो उपासमारीने मरतो. याला काही दिवस लागतात आणि मेलेला जंत अनेकदा आतच पचून जातो. 'गोळी घेतली पण काही पडलं नाही, म्हणजे गोळी खोटी' हा तर्क म्हणून चुकतो. तो एरंडेलाच्या सवयीतून आला आहे. २०१५पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या १० तारखेला. एक ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना शाळा-अंगणवाडीत ४०० मिलिग्रॅमची गोळी मोफत मिळते, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. कुठे एखाद्या शाळेत मुलांना मळमळलं की अफवा उठते आणि पुढच्या खेपेला पालक मुलांना घरी ठेवतात. पोटात जंत जास्त असतील तर मळमळ, पोटदुखी होऊ शकते. ती सहसा थोड्या वेळात ओसरते. ताप आलेल्या किंवा आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देऊ नये, लहानग्याला ती चुरडून पाण्यातून द्यावी, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती टाळावी. कोट्यवधी मुलांना वर्षानुवर्षं दिल्यावर जी सुरक्षितता दिसते, तिच्या जवळपास जाईल अशी माहिती कोणत्याही काढ्याबद्दल उपलब्ध नाही.

पण गोळीचा कैवार घेताना तिच्या मर्यादा लपवणं मला पटत नाही, कारण मूळ मुद्दा तिथेच आहे. अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने गोल जंताचे सुमारे ९५ टक्के रुग्ण बरे होतात, अंकुशकृमीचे सुमारे ८०, आणि चाबकासारख्या आकाराच्या कृमीचे जेमतेम ३०. त्याहून बोलका आकडा पुन्हा लागण होण्याचा आहे. २०१२ सालच्या एका व्यापक आढाव्यानुसार, औषध दिल्यावर वर्षभरात गोल जंताचं प्रमाण उपचाराआधीच्या ९४ टक्क्यांपर्यंत परत जातं, अंकुशकृमीचं ५७ टक्क्यांपर्यंत. म्हणजे पोट साफ होतं आणि परसातली माती ते पुन्हा भरते. सरसकट गोळ्या वाटण्याच्या फायद्यावरही वाद आहे. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर पाच वर्षं चाललेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊनही मुलांच्या वजनात किंवा मृत्युदरात लक्षणीय फरक दिसला नाही. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यांचा सूरही तसाच. उलट केनियातल्या बुसिया भागात मिगेल आणि क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांना शाळेतली गैरहजेरी घटलेली दिसली. या वादातून काही जण 'गोळी निरुपयोगी' असा निष्कर्ष काढतात. तो चुकीचा आहे. ज्याच्या पोटात जंत आहेत त्याला गोळीने गुण येतो याबद्दल वाद नाही. वाद आहे तो जंत असलेल्या-नसलेल्या सगळ्यांना वर्षातून एक-दोनदा गोळी दिल्याने अख्ख्या लोकसंख्येचं काय भलं होतं याबद्दल. आणि माती तशीच राहिली तर फार भलं होणार नाही, हे त्या आकड्यांतच लिहिलेलं आहे.

हा मुद्दा जपानने उलट बाजूने सिद्ध केला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे निम्म्याहून कितीतरी जास्त लोकांच्या पोटात गोल जंत होते, कारण शेतात माणसाचा मैला खत म्हणून पडत असे. मग तिथे जंतांविरुद्ध मोहीम सुरू झाली. तिच्या सुरुवातीची औषधं कोणती होती? सॅन्टोनिन, आणि मकुरी नावाच्या लाल सागरी शैवालाचा काढा. शाळांतून मुलांना तो वास मारणारा काढा पाजला जाई. म्हणजे त्यांचीही औषधं 'नैसर्गिक' होती, आणि आजच्या गोळीपेक्षा कमकुवत. पण शौचाची तपासणी वारंवार होई, १९५८च्या कायद्याने ती शाळांना बंधनकारक झाली, ज्याच्यात अंडी सापडतील त्याच्यावर उपचार होई आणि पुन्हा तपासणी होई. त्याच वर्षांत मैल्याच्या जागी रासायनिक खत आलं, संडास आणि गटारं सुधारली. सत्तरच्या दशकापर्यंत जंतांचं प्रमाण नगण्य झालं. दक्षिण कोरियात १९७१मध्ये ८४ टक्के लोकांच्या शौचात कृमींची अंडी सापडत होती, १९९७मध्ये २.४ टक्के, तिथेही शाळांतून वर्षातून दोनदा तपासणी आणि उपचार, आणि जोडीला बदलती शेती व घरं. औषध वनस्पतीचं की कारखान्यातलं, हा प्रश्न तिथे दुय्यम ठरला.

यावर कुणी विचारेल की संडास तर आपणही बांधले, मग? महाराष्ट्राने या बाबतीत देशाआधी पावलं टाकली. हातात खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या गाडगेबाबांच्या नावाने २०००च्या सुमारास ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, गावागावांत हागणदारीमुक्तीच्या पाट्या लागल्या, आणि २०१४नंतर देशभर संडास उभे राहिले. पण ओडिशातल्या पुरी जिल्ह्यात शंभर गावांत झालेला प्रयोग डोळे उघडणारा आहे. संडास असलेल्या घरांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं, आणि तरीही जंतांत किंवा जुलाबांत घट दिसली नाही. कारण कठीण नाही. निम्मं गाव संडासात जातं आणि निम्मं बाहेर, तर मातीत अंडी पडायची थांबत नाहीत; आणि आधी पडलेली अंडी ओल्या मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. संडासाची गणती करून जंत जात नाहीत. घरातला प्रत्येक जण, म्हातारा आणि शेंबडं पोरही, रोज तो वापरतो का, आणि त्याच्यातून निघालेलं शेवटी कुठे जातं, हे प्रश्न घराच्या आतले आहेत. अभियान ते विचारू शकतं, त्यांची उत्तरं मात्र घरालाच द्यावी लागतात.

म्हणून खरे घरगुती उपाय सांगायचे तर ते रसाचे नाहीत, आणि त्यांच्यामागचा पुरावा कारल्यामागच्या पुराव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे. उत्तर इथिओपियात शाळकरी मुलांवर एक काटेकोर प्रयोग झाला. आधी उपचार करून परोपजीवींपासून मुक्त झालेल्या मुलांपैकी काहींना साबणाने हात धुवायला लावले, काहींची दर आठवड्याला नखं कापली. सहा महिन्यांनी हात धुणाऱ्यांपैकी १४ टक्क्यांना पुन्हा लागण झाली होती, न धुणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना. नखं कापलेल्यांपैकी १७ टक्क्यांना, न कापलेल्यांपैकी २६ टक्क्यांना. नेलकटरसाठी असा पुरावा आहे, वावडिंगासाठी नाही. चपला घालणाऱ्यांत अंकुशकृमीची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी कमी असल्याचं अनेक पाहण्या एकत्र करून दिसलं आहे. सुतकृमींची मादी रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालते, मूल खाजवतं, अंडी नखांत जातात आणि काही तासांतच लागण करण्याजोगी होतात. म्हणून त्यावर गोळी घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायची, कारण अंडी गोळीने मरत नाहीत. या दोन आठवड्यांत सकाळी उठल्याबरोबर आंघोळ, रोज धुतलेली चड्डी, गरम पाण्यात धुतलेली चादर आणि आखूड नखं. हे कामही आईच्याच अंगावर पडतं आणि रस काढण्यापेक्षा कष्टाचं आहे, हे मला माहीत आहे. ते घरात वाटून घ्यायला हवं.

भाजी मिठाच्या किंवा हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवल्याने जंतांची अंडी मरतात, हा समजही सोडावा. गोल जंताच्या अंड्याचं कवच इतकं चिवट असतं की फॉर्मॅलिनमध्येही आतली अळी वाढू शकते, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला तर ते मुळीच दाद देत नाही. उपयोगी पडतं ते वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळून धुणं, आणि त्याहून खात्रीचं म्हणजे शिजवणं. कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात, कच्ची मेथी या आपल्या पानातल्या न शिजणाऱ्या गोष्टी आहेत, आणि शहरांच्या कडेने त्या कोणत्या पाण्यावर पिकतात हे कुणाला सांगायला नको. शेताला द्यायच्या सांडपाण्यात लिटरमागे एकाहून अधिक अंडं नसावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. सेप्टिक टँकचा मैला टँकरने उपसून ओढ्यात किंवा शेतात सोडला जातो तेव्हा ही मर्यादा कुणी मोजत नाही, आणि आपण आपल्याच पोटातली अंडी आपल्याच ताटात परत बोलावतो.

या बाबतीत दोन शोषखड्ड्यांचा संडास हा माझ्या मते ग्रामीण घराला उपलब्ध असलेला सर्वांत प्रभावी जंतनाशक उपाय आहे. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करण्याचे प्रयोग केले, आणि त्यामागची दृष्टी आजही खरी आहे: मैला लपवायचा किंवा दूर ढकलायचा नसतो, तो मुरवायचा असतो. पहिला खड्डा भरला की तो बंद करायचा आणि दुसरा सुरू करायचा. बंद खड्ड्यातलं पाणी जमिनीत झिरपतं, आतला मैला सुकत जातो आणि कालांतराने अंडी मरतात. हे होण्यासाठी खड्ड्याला दीड-दोन वर्षं हात लावायचा नसतो. प्रत्यक्षात मात्र कंत्राटदार दोन्ही खड्डे एकाच वेळी चालू ठेवतो, किंवा खड्डा भरल्यावर महिन्याभरात उपसून खत म्हणून पसरला जातो, आणि मग संडासातूनच जंत शेतात जातात. त्यावरच्या उपायाला खर्च काहीच येत नाही: पहिला खड्डा बंद केला त्या दिवसाची तारीख संडासाच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावी, म्हणजे पुढच्या खरिपाला तो उकरायला निघालेल्या माणसाला घरातलं शाळकरी पोरही वजाबाकी करून सांगू शकेल की अजून एक पावसाळा जायचा आहे.